तेल बघ, वास घे, मगच पान्याला हात लाव

भाचेबुवा, गाडी घेतलीस हे बरं केलंस. २०१६ ची इनोव्हा क्रिस्टा, २.८ लिटरचं डिझेल इंजिन, सहा गिअरची ऑटोमॅटिक, मीटरवर एक लाख चाळीस हजार. आजवर पुण्यात चाललेली गाडी आता पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजारात, भोकरदन-सिल्लोडच्या धुळीत आणि अंगारकीला राजूरच्या गर्दीत चालणार. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं हे मागच्या मालकाला आठवत नाही आणि तुला तीन जणांनी तीन सल्ले दिलेत. एक म्हणतो, बॉक्स सीलबंद असतो, हातच लावू नका. दुसरा म्हणतो, मशीन लावून सगळं तेल धुऊन काढू, फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडी, एकदाच काय ते करून टाकू. तिसरा पारावरचा. त्याचं म्हणणं, जुन्या ऑटोमॅटिकमध्ये नवं तेल घातलं की आठ दिवसांत बॉक्स बसतो. तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे, घोळ तिथंच आहे.

माझी उमेदीची वर्षं एस.टी.च्या चिकलठाण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली. तिथं सगळा कारभार क्लचचा आणि दांड्याच्या गिअरचा. ऑटोमॅटिकशी गाठ पडली ती नंतर, खासगी गाड्यांची कामं घ्यायला लागलो तेव्हा. पण तिथल्या उस्तादांचं एक सांगणं दोन्हीकडे सारखंच उपयोगी पडलं. ते म्हणायचे, चालू मशीन उघडायचं असेल तर का उघडतोस ते आधी खडूने फळीवर लिही. लिहिता आलं नाही तर पाना खाली ठेव. 'गाडी जुनी झाली' एवढं कारण त्यांना चालायचं नाही. तुला मी तेच सांगणार आहे. सर्व्हिस करायचीच. पण किती खोल जायचं हे गाडीच्या वयावरून ठरवू नकोस, मिस्त्रीच्या उत्साहावरून तर नाहीच. आतलं तेल काय सांगतंय आणि गाडी कशी चालतेय, या दोन्हीवरून ठरव.

आधी एक गोष्ट पक्की करून घे, कारण गावात आता चार जणांकडे 'ऑटो गिअर' आहेत आणि सगळे एकमेकांचे सल्ले वापरतात. क्लच पेडल नाही म्हणजे आतली यंत्रणा एकच, असं नसतं. २०१४ च्या ऑटो एक्स्पोत मारुतीने सेलेरिओ आणली तेव्हापासून आपल्याकडे जी स्वस्तातली ऑटोमॅटिक आली ती ए.एम.टी. तिच्यात आत साधा गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबायचं आणि दांडा हलवायचं काम मोटर नाहीतर हायड्रॉलिक करतं. तिचं गिअर ऑइल बदलणं हे स्वस्त, अर्ध्या तासाचं काम, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. तिथं खरा खर्च क्लच प्लेटचा. प्लेट बदलल्यावर स्कॅनर लावून गाडीला नवी प्लेट 'शिकवावी' लागते, ते राहिलं तर गाडी धक्के मारते. होंडाच्या काही गाड्यांत सी.व्ही.टी. असते, आत दोन पुल्या आणि पोलादी पट्टा. तिला तिच्याच नावाचं तेल लागतं, दुसरं चालत नाही. काही जर्मन घराण्याच्या गाड्यांत दोन क्लचचा बॉक्स असतो, तो गावात उघडायचा विषयच नाही. तुझी क्रिस्टा टॉर्क कन्व्हर्टरवाली. अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइलच्या १९४० च्या मॉडेलला हायड्रामॅटिक दिली, तिच्याच वंशातली ही जात. पुढं मी जे सांगतोय ते या जातीपुरतं. शेजाऱ्याच्या वॅगन आरला लावू नकोस.

या बॉक्समध्ये तेलाला एकच काम नाही. इंजिनाची ताकद कन्व्हर्टरमधून तेलातूनच पुढं जाते. गिअर बदलतात ते तेलाच्या दाबानं, आणि तो दाब वाटून देणारा भाग म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. बेअरिंगला वंगण तेच, उष्णता बाहेर नेणारंही तेच. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे आत तेलात बुडालेल्या क्लच प्लेटा. त्या घसरल्याही पाहिजेत आणि पकडल्याही पाहिजेत, आणि हे किती हे तेलातल्या मसाल्यावर ठरतं. तो मसाला जमवणं सोपं नव्हतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल मिसळत असत. देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि कंपन्यांना दुसरा मसाला शोधत बसावं लागलं. म्हणून दुकानदार 'लाल तेल सगळं सारखंच' म्हणाला तर त्याच्याकडून तेल घेऊ नकोस. पॉवर स्टिअरिंगचं तेलही लाल, दहा कंपन्यांचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं तेल, तेही लाल. टोयोटाच्या पुस्तकात डब्ल्यू.एस. लिहिलंय, तर डब्यावर डब्ल्यू.एस. हीच अक्षरं शोध. आणि घरी ट्रॅक्टरसाठी आणलेला वेट ब्रेक ऑइलचा डबा आहे म्हणून त्यातलं लिटरभर टॉपअप करायचं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशी गाडी मी पाहिली आहे.

हे तेल मरतं ते उष्णतेनं. ढोबळ हिशेब असा की दर दहा अंश वाढले की तेलाचं आयुष्य निम्मं होतं. नव्वद अंशांच्या आत राहिलं तर बिचारं वर्षानुवर्षं टिकतं, सव्वाशेच्या पुढं जायला लागलं की आतून रोगणासारखा थर धरायला लागतो. आता तुझी गाडी कुठं तापणार ते बघ. समृद्धी महामार्गावर शंभरच्या वेगानं जाताना ती तेवढी तापत नाही, कारण कन्व्हर्टर लॉक असतो आणि वारा लागतो. ती तापते हंगामात, बाजाराच्या तोंडाशी, परराज्यात जाणाऱ्या ट्रकांच्या मागं, मे महिन्याच्या उन्हात, एसी चालू, दोन फूट पुढं आणि ब्रेक. ती तापते सहा माणसं आणि टपावर पोती घेऊन अजिंठ्याचा घाट चढताना. कंपनीच्या पुस्तकात साध्या वापराचं वेगळं आणि कठीण वापराचं वेगळं वेळापत्रक असतं. धूळ, ओझं, घाट, रांगेतलं चालणं हे सगळं कठीण वापरात मोडतं. आपल्याकडची कुठली गाडी साध्या वापरात बसते ते तूच सांग. म्हणून 'सीलबंद आहे, हात लावू नका' हा सल्ला वॉरंटीत असलेल्या, शहरातल्या गाडीला एखादवेळेस चालेल. तू ती आणखी आठ वर्षं वापरणार आहेस. माझ्या मते आपल्या भागात चाळीस ते साठ हजारांत हे तेल बदललेलं असावं. तुझं एक लाख चाळीसवर आलंय आणि कागद नाही.

कागदावरून आठवलं. मालकाला आठवत नाही म्हणून सोडू नकोस. गाडीची सर्व्हिस कंपनीच्या वर्कशॉपला झाली असेल तर चासी नंबरवरून तिथं नोंद मिळते. जालना किंवा संभाजीनगरला गेलास की आरसी दाखवून विचार. तेल साठ-सत्तर हजारांवर बदलल्याची नोंद निघाली तर अर्धा प्रश्न सुटला.

आता तेल बघायचं. या गाडीला गिअरबॉक्सची डिपस्टिक नाही, त्यामुळं बॉनेट उघडून काडी पुसून बघता येत नाही. खाली जाऊन लेव्हलच्या नटातून थोडं काढावं लागतं. काढलेलं तेल डब्यात बघू नकोस, डब्यात सगळंच काळं दिसतं. त्याचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाक आणि चहा होईपर्यंत कागद सावलीत ठेव. तेल पसरत जातं. डाग तांबूस किंवा विटकरी आला, कडेपर्यंत सारखा पसरला, तर तेल थकलंय पण जिवंत आहे. मधे काळा ठिपका राहिला आणि भोवती फिकट कडं उमटलं, तर तेलात मळी धरली आहे. मग बोटावर घेऊन वास घे. चांगल्या एटीएफला तेलाचा साधा, किंचित गोडसर वास येतो. जळलेलं असेल तर करपल्याचा वास येतो आणि एकदा घेतलास की तो विसरत नाहीस. बोटावर चोळून बघ, कचकच लागते का. एवढ्या तीन गोष्टींनी मला जेवढं कळतं तेवढं पुष्कळांना स्कॅनर लावूनही कळत नाही. अर्थात स्कॅनरही लाव, त्यात बिघाडाचा कोड असेल तर तो आधी बघायला हवा.

आणि तेल गुलाबी, दुधाळ, लस्सीसारखं निघालं तर बाकी सगळं बाजूला ठेव. हे आपल्या भागाचं खास दुखणं आहे. पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल गार करायची नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. रेडिएटरमध्ये कूलंट घालायच्या ऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं जातं. आपल्या बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते ठिबकच्या नळीचं तोंड बघितलंस तरी कळेल. ते पाणी आतून रेडिएटर खातं, एक दिवस नळीला बारीक भोक पडतं आणि पाणी गिअरबॉक्सच्या तेलात जातं. क्लच प्लेटेवरचं अस्तर गोंदासारख्या पदार्थानं चिकटवलेलं असतं, ते पाण्यानं सुटतं. अशी गाडी वरवर पाहता अजून नीट चालत असली तरी तिला सुरू करू नकोस, ढकलूनही कुठं नेऊ नकोस, टेम्पोवर घालून ने. नुसतं तेल बदलून भागत नाही. रेडिएटर आधी, मग बॉक्स. तुझी गाडी पुण्याची आहे, तिथं बहुधा कूलंटच घातलं असेल. पण इथं आल्यावर पहिल्यांदा पाणी कमी दिसलं की ड्रायव्हर बाटलीतलं पाणी ओतणार, हे धरूनच चाल. त्याला आजच सांगून ठेव आणि डिकीत तयार कूलंटची बाटली ठेव.

तेल कळलं, आता चाल बघ. सकाळी थंड गाडी सुरू कर, ब्रेक दाबून एन मधून डी मध्ये टाक. एका क्षणात हलका धक्का देऊन पकडायला हवी. टाकल्यावर वाट बघायला लागली तर आतला दाब कमी आहे. पुढं सरळ रस्त्याला हळूच वेग वाढव, साधारण पन्नास-साठला पोचलास की गाडी थरथरते का बघ, रस्त्यावरच्या आडव्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी. ही थरथर बहुतेक वेळा कन्व्हर्टरच्या लॉकची असते आणि याच एका दुखण्यावर नवं तेल पुष्कळदा औषधासारखं लागू पडतं. याउलट चढावर आरपीएम वर जातोय, इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढं जात नाही, असं असेल तर प्लेटा झिजल्यात. तिथं तेल काही करत नाही. आणखी एक: धक्के मारतेय म्हणून लगेच गिअरबॉक्सवर खापर फोडू नकोस. इंजिनाचे माउंटिंग रबर तुटले की अगदी तसेच धक्के बसतात. बॅटरी दुबळी असेल, अर्थिंगची वायर गंजली असेल, तरी बॉक्स वेड्यासारखा वागतो. हजार-दोन हजारांचं काम आधी बघायचं.

आता किती खोल जायचं ते.

तेल विटकरी, वास ठीक, चाल ठीक: काढ आणि भर, एवढंच. बॉक्सच्या तळाचा पॅनही उघडू नकोस. पण एकदा नाही, तीनदा. कारण ड्रेन नट उघडला की सगळं तेल येत नाही, निम्म्याहून जास्त तेल कन्व्हर्टरमध्ये, नळ्यांत आणि व्हॉल्व्ह बॉडीत अडकून राहतं. समज, बॉक्समध्ये एकूण दहा लिटर आहे आणि नटातून चार लिटर निघालं. तेवढंच नवं घातलंस की आतलं तेल चाळीस टक्के नवं झालं. हजारभर किलोमीटर चालवून पुन्हा चार काढलंस, तर चौसष्ट टक्के. तिसऱ्यांदा काढलंस की सुमारे अठ्ठ्याहत्तर. तिथं थांब. चौथ्या खेपेला आणखी आठ-नऊ टक्केच वाढतात, पैसे मात्र तेवढेच लागतात. तेल लिटरला हजाराच्या आगेमागे पडतं, म्हणजे तिन्ही वेळचं बारा लिटर धर. मशीन लावणाराही धुण्यासाठी जवळपास तेवढंच तेल वापरतो. मग फरक काय? तू सावकाश जातोस आणि मधल्या प्रत्येक वेळी काढलेलं तेल बघायला मिळतं. दुसऱ्या खेपेचं तेल पहिल्यापेक्षा काळं आलं, तर आतली मळी सुटतेय हे कळतं आणि हातात थांबायची संधी असते.

तेल काळं किंवा करपटलेलं, पण गाडी पकडते, घसरत नाही: इथं पॅन खाली घ्यायचा. आतली जाळी म्हणजे फिल्टर बदलायचा, पॅन धुवायचा, पॅकिंग नवं टाकायचं, तेल भरायचं. नंतर पाचशे-हजार किलोमीटरला एक काढ-भर आणि आणखी एक. पॅन निघाला की त्याच्या तळाला चिकटलेली लोहचुंबकं बघ, इथं घाई करू नकोस. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ माती जमलेली दिसेल. घाबरायचं कारण नाही, एक लाख चाळीस हजारांत पोलादाची तेवढी झीज होणारच. अंगठ्यानं ती पुसून वर्तमानपत्रावर पसर आणि कागद उन्हात तिरका धर. नुसती राख दिसली तर ठीक. चमचमणारे कण, नखाला टोचणारी कीस किंवा पॅनच्या तळाशी पितळेच्या रंगाचा तुकडा दिसला तर बेअरिंग किंवा बुश जातोय. काळे, भुसभुशीत तुकडे दिसले तर ते प्लेटेचं अस्तर. दिसलं ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव, चुंबकं स्वच्छ कर आणि जिथं होती तिथंच परत बसव. नाहीतर पुढच्या वेळी किती झीज झाली हे कळायचं नाही.

मशीन फ्लशला मी शत्रू मानत नाही. ज्या गाडीचं तेल दर पन्नास हजारांना बदललंय, तिला मशीन लावून एका दिवसात सगळं तेल नवं करणं सोयीचं आहे. ज्या गाडीचा इतिहासच माहीत नाही तिला पहिल्याच दिवशी लावायचं नाही, एवढंच. तू मिरचीला ठिबक लावलंस, तुला हे वेगळं सांगायला नको: वर्षभर पडून असलेल्या पाइपलाइनला एकदम जोराची मोटर लावली की आतला गाळ सुटतो आणि बारीक ड्रिपर बुजतात. व्हॉल्व्ह बॉडीतल्या वाटा त्याहून बारीक असतात. पारावरच्या माणसानं 'नवं तेल घातलं आणि बॉक्स बसला' म्हटलं, त्यातलं खरं एवढंच की काही गाड्यांत सुटलेला गाळ अडतो, आणि काहींत झिजलेल्या प्लेटा तेलात तरंगणाऱ्या त्यांच्याच भुशीच्या आधारानं पकडत असतात. ती भुशी काढली की घसरतात. पण ते बॉक्स आधीच गेलेले असतात. घसरायला लागल्यावर लोक तेल बदलतात, मग बॉक्स बसतो आणि नाव तेलाचं निघतं.

म्हणून तिसरी अवस्था: गाडी घसरतेय, पॅनमध्ये पितळ आहे, तेलाला जळका वास आहे. इथं तेलावर एक रुपया घालू नकोस. बाजारात 'गिअरबॉक्स दुरुस्त करणारं' जादूचं औषध बाटलीत मिळतं, तेही नको. गाडी संभाजीनगर नाहीतर पुण्यात ज्याचं रोजचं काम फक्त ऑटोमॅटिक बॉक्स उघडायचं आहे अशाकडे ने. गावातला मिस्त्री कितीही हुशार असला तरी हे काम त्याच्या अंगणातलं नाही. धूळ हीच मोठी अडचण. बॉक्स खोलून बांधायला लाखाच्या वर सहज जातात. मग गणित कर: गाडी आज जशी आहे तशी किती रुपयांना जाईल, दुरुस्त करून किती वर्षं वापरणार. आठ वर्षं वापरायची असेल तर बांध. दोन वर्षांत विकायची असेल तर आहे ती स्थिती सांगून वीक. लपवून विकलेल्या गाडीचं नाव तालुक्यात फिरतं.

आणि चांगल्या चालणाऱ्या बॉक्सची व्हॉल्व्ह बॉडी 'हातासरशी' साफ करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार कर आणि निघ. चालू व्हॉल्व्ह बॉडी उघडल्यानं सुधारलेली मी फार पाहिली नाही.

तू काम भोकरदनला करून घेणार असशील, तर चार गोष्टी उभा राहून करून घे. ड्रेन नट सोडायच्या आधी भरायचा नट सुटतोय का ते बघायला लाव. हा सगळ्यात महत्त्वाचा कानमंत्र आहे. भरायचा नट दहा वर्षं कुणी सोडलेला नसतो, तो गोल झाला आणि तेल आधीच काढून टाकलेलं असलं, की गाडी तिथंच बसते. निघालेलं तेल मापाच्या कॅनमध्ये मोजायला लाव आणि तेवढंच भरायला सांग. पॅनचे बोल्ट छोटे असतात, त्यांना हवेची गन लावू देऊ नकोस, हाताच्या पान्यानं, आडव्यातिडव्या क्रमानं कसायचे. काम करायच्या आदल्या दिवशी खालून गाडी धुऊन आण, पण वॉशिंगवाल्याला सांग की गिअरबॉक्सच्या वरच्या श्वासनळीवर प्रेशरचं पाणी मारू नकोस.

लेव्हल हा वेगळा विषय. गाडी सपाट उभी हवी. आपल्या गॅरेजांचे रॅम्प पुष्कळदा पुढं उचललेले असतात, त्यावर घेतलेली लेव्हल खोटी. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, पी पासून डी पर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबून परत पी वर यायचं आणि तेल ठरलेल्या तापमानाला असताना लेव्हलचा नट उघडायचा. बारीक धार होऊन थेंब थेंब यायला लागलं की लेव्हल बरोबर. आता हे तापमान बऱ्याच गाड्यांत चाळीसच्या आगेमागे असतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच बेचाळीस. दुपारी केलंस तर तेल आधीच त्याच्या वर गेलेलं असतं, फुगलेलं असतं, आणि लेव्हल बरोबर दिसून प्रत्यक्षात तेल कमी भरलं जातं. म्हणून हे काम सकाळी सातला, रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीवर. तापमान स्कॅनरवर दिसतं, हात लावून ठरवायचं नाही. मिस्त्री कुरकुरेल. चहा पाज.

काढलेलं तेल बांधावर ओतायचं नाही, गॅरेजच्या पिंपात घालायचं.

चालवायच्या सवयी तुला ठाऊकच आहेत, ड्रायव्हरला मात्र सांग. उभी करताना आधी हँडब्रेक, मग पी. नुसत्या पी वर चढाला उभी केली की सगळं ओझं एका छोट्या खुंटीवर येतं. रिव्हर्समध्ये गाडी मागं सरकत असतानाच डी मध्ये ढकलायची नाही. घाट उतरताना डिझेल वाचवायला एन मध्ये टाकायची नाही, हाताच्या मोडमध्ये खालच्या गिअरला आणायची. चिखलात रुतलेली ट्रॉली ओढायला ही गाडी लावायची नाही, ट्रॅक्टर आहे ना घरात. आणि बंद पडली तर मागची चाकं जमिनीवर ठेवून दूरवर ओढून न्यायची नाही. इंजिन बंद असलं की बॉक्सचा पंप बंद असतो आणि आत वंगण फिरत नाही.

बदल झाला की तारीख, किलोमीटर, तेलाचं नाव आणि किती लिटर काढलं-भरलं हे कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समधल्या आरसीच्या पाकिटात ठेव, बिलासकट. पुढं गाडी विकताना त्याच कागदाचे पैसे येतात.

तुझ्या गाडीबद्दल माझं अनुमान सांगू? फोनवर तू चालीबद्दल सांगितलंस त्यावरून घसरत नाही, फक्त साठला जराशी थरथर आहे. तेल काळसर निघेल, जळकं नसेल. पॅन एकदा खाली, फिल्टर नवा, पहिली काढ-भर, मग हजार-हजार किलोमीटरवर आणखी दोन. यापेक्षा जास्त काही नको, कमीही नको. आणि हे मिरचीचा हंगाम सुरू व्हायच्या आत करून घे. एकदा बाजार भरायला लागला की ना तुला सकाळी सातची सवड मिळणार, ना भाड्यानं दुसरी गाडी.